शाळेतली सवलत, नोकरीतली सोय

दहावीच्या परीक्षेत एखाद्या मुलाला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, तेव्हा बाकीचे म्हणतात, ‘त्याला सवलत आहे.’ या शब्दापाशी मला आज थोडं थांबायचंय. सवलत म्हणजे कुणीतरी मोठ्या मनाने दिलेली सूट. मुलगा नोकरीला लागतो तो या शब्दाची लाज सोबत घेऊनच. आता बघा, मघाशी संयोजकांनी माझी टिपणं मोठ्या टायपात छापून दिली. तिला कुणी सवलत म्हटलं का? ती सोय.

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे. डिस्लेक्सियात वाचन अडतं, डिसग्राफियात लेखन, डिसकॅल्क्युलियात आकडेमोड. आणि शाळा सुटली म्हणून ही अडचण सुटत नाही.

माझीच चूक सांगतो. तर्कशास्त्राच्या तासाला एक मुलगा असायचा. युक्तिवादातला दोष तोंडी चटकन पकडायचा, पेपरात मात्र अर्धी पानं कोरी. मी, तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, त्याला आळशी ठरवून मोकळा झालो! पुष्कळ वर्षांनी भेटला. सुट्या भागांच्या गोदामात कामाला होता. पहिली नोकरी गेली, म्हणाला. साहेब घाईघाईने हाताने लिहिलेली यादी द्यायचे, याच्याकडून आकड्यांची अदलाबदल व्हायची, आणि ‘मला वाचायला त्रास होतो’ हे सांगायची हिंमत नव्हती. दुसरीकडे मात्र त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: यादी तोंडी सांगा, मी फोनवर रेकॉर्ड करतो, माल निघण्याआधी नंबर कुणीतरी एकदा ताडून बघा. ‘सर, एवढं बोलायला मला आठ वर्षं लागली.’

हे बोलणं खरं तर शाळेत शिकवायला हवं होतं. पण तिथे प्रमाणपत्रासाठी आईबाबा धावतात, अर्ज शाळा पुढे पाठवते, मुलाला तोंड उघडावंच लागत नाही. मग सगळं एकदम त्याच्या अंगावर येतं. म्हणून नववीपासूनच त्याला विचारा: तुझं नेमकं कुठे अडतं, आणि काय केलं की जमतं? सुट्टीत महिनाभर ओळखीच्या दुकानात बसवा. बिल करताना अडतो की गिऱ्हाइकाचं ऐकून घेताना, हे तिथे कळेल.

कायद्याचंही थोडं सांगतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. राखीव जागेसाठी मात्र किमान ४० टक्के अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत काढून ठेवा.

खासगी नोकरीत सांगावं की नाही, असं पालक विचारतात. भीती खोटी नाही, सांगितल्यावर दार बंद झालेलं मी पाहिलंय. माझं मत असं, की मुलाखतीत आजाराचं नाव घ्यावं तसं ‘डिस्लेक्सिया’ म्हणायची गरज नाही. ‘सूचना तोंडी मिळाल्या तर माझं काम चोख होतं’, एवढं म्हणावं. आणि ते मुलाने स्वतः म्हणावं, बाबांनी फोन करून नव्हे.