दुभाष्याविना संगणक

आमच्या बऱ्हाणपुरात घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात उर्दू अशी तिहेरी ये-जा चालते. बाबराचे तुर्की आत्मचरित्र फार्सीत आणणारे अब्दुल रहीम खानखाना यांचेही वास्तव्य याच शहरात दीर्घकाळ होते. त्यामुळे दुभाष्याचे मोल इथे कुणाला सांगावे लागत नाही. संगणकातला ‘ड्रायव्हर’ म्हणजे असाच एक दुभाषी, हे मात्र मला चूक केल्यावर कळले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबले. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेना. विंडोज काढून टाकणेही शक्य नव्हते. अण्णांची कीर्तनाची आख्याने मी त्यावरच टंकून ठेवली होती, तीही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. ती उघडणारा प्रोग्राम विंडोजवरच चालतो. म्हणून इंटरनेटच्या कामांसाठी लिनक्स मिंट शेजारी बसवायचे ठरवले.

आधी तीन कामे केली. आख्यानांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केले. ते चालू असले की विंडोज पुरते बंद न होता अर्धवट झोपते आणि त्याच्या विभाजनावर लिनक्सला लिहिता येत नाही. शिवाय बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवली, कारण ‘सिक्युअर बूट’ला हात लावताच विंडोज ती मागू शकते.

लिनक्स बसले, पण वायफायचे चिन्ह गायब. दुरुस्तीवाल्याने कार्ड गेल्याचे सांगितले. घरी येऊन विंडोज सुरू केले, तर वायफाय चालू! दोन प्रणाली शेजारी असण्याचा हा मोठा फायदा. एकीत यंत्र चालते आणि दुसरीत नाही, तर यंत्र बहुधा शाबूत असते. अडचण दुभाष्याची असते.

मग लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ हा आदेश ‘-के’ जोडून दिला. यादीत कार्डाचे नाव होते, पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नव्हती. म्हणजे प्रणालीला पाहुणा दिसत होता, त्याची भाषा कळत नव्हती. कर्नलबरोबर असंख्य ड्रायव्हर येतात. परंतु काही उत्पादक आपला ड्रायव्हर खुला करत नाहीत, तो वेगळा घ्यावा लागतो. तो उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर! मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले, तेव्हा हा पेच सुटला. मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’ने योग्य ड्रायव्हर सुचवला आणि बसवला.

तरीही वायफाय मुकेच. चूक माझी होती. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले होते आणि पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला होता. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडायचे सोडून मी घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबले. सिक्युअर बूट ओळखीच्या सहीवाचून कुणाला आत घेत नाही. नव्या ड्रायव्हरच्या सहीची चावी त्या पडद्यावरच नोंदवायची असते. ‘मोकयुटिल’ने ती नोंदणी पुन्हा मागितली, निळा पडदा या वेळी सावकाश वाचला आणि वायफाय लागले.

इतर यंत्रांचेही असेच. ग्राफिक्समुळे पडदा काळा झाला, तर सुरुवातीच्या मेनूत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून तात्पुरते आत जावे आणि मग ड्रायव्हर बसवावा. लिनक्स बसवताना डिस्कच दिसत नसेल, तर बायॉसमध्ये ती ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ पद्धतीवर असू शकते. ती ‘एएचसीआय’वर नेण्याआधी विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू होईल अशी सोय करावी, नाहीतर विंडोजच उघडेनासे होते.

म्हणून नवा भाग विकत घेण्याआधी क्रमाने चार प्रश्न विचारावेत: दुसऱ्या प्रणालीत यंत्र चालते का? लिनक्सला ते दिसते का? त्याला ड्रायव्हर जोडला आहे का? त्या ड्रायव्हरला आत यायची परवानगी आहे का?

माझे जुने कार्ड अजून तेच आहे. अण्णांची आख्याने विंडोजमध्ये उघडतो आणि लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर एकेक करून युनिकोडमध्ये उतरवतो आहे.