कुओपिओचे टकले उंदीर

पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ विद्यापीठातून १९९७ साली युहानी यान्ने, लीना अल्होनेन आणि सहकाऱ्यांनी एका विचित्र उंदराची हकिकत छापली. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की त्याचे केस गळायचे, ते कायमचेच. कातडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर केसांच्या मुळांच्या जागी नुसत्या पुटी (सिस्ट). कातडीखालचा चरबीचा थर गायब. माद्या वांझ.

या उंदरांत एकच फेरफार होता: एसएसएटी या विकराच्या जनुकाच्या जादा प्रती. स्पर्मिडिन आणि स्पर्मिन ही पॉलीअमाइन रेणूंची जोडी पेशींच्या वाढीला लागतेच. एसएसएटी त्यांना ॲसिटिल गट चिकटवून मोडीत काढतो. साहजिकच अपेक्षा अशी, की उंदरात पॉलीअमाइनचा दुष्काळ पडेल. ही जोडी घटली खरी, पण त्यांच्याच साखळीतल्या पुट्रेसिनचा ऊतींमध्ये पूर आला. टाकी गळतेय म्हटल्यावर शरीराने नळ पूर्ण सोडला होता. केस जाण्यामागे कमतरता नसून हा पुट्रेसिनचा साठा असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला.

मला स्वतःला जास्त गंमत वाटते ती चरबीच्या कोड्याची. त्याचं उत्तर यायला २००७ उजाडलं. भरायचं आणि सांडायचं हे चक्र फुकट चालत नाही. दर फेरीला ॲसिटिल-कोए खर्ची पडतं, आणि चरबी बनवायचा कच्चा मालही तोच. उंदीर बारीक राहिले, ग्लुकोजही चांगलं पचवू लागले.

उंदरांपाठोपाठ उंदराचा मोठा भाऊबंद, रॅट, आला. त्यात हे जनुक जस्ताने चालू होईल असं बसवलं होतं. २००० सालच्या त्या प्रयोगात जस्त टोचल्यावर स्वादुपिंडातलं स्पर्मिडिन, स्पर्मिन झपाट्याने संपलं आणि तीव्र दाह उसळला. इथे मात्र खरोखरच दुष्काळाने घात केला होता.

कर्करोगाच्या बाबतीत तर या विकराने सगळ्यांनाच चकवलं. कुओपिओच्या उंदरांच्या त्वचेवर रसायनं लावली, तर गाठी कमी आल्या. अमेरिकेत हेच जनुक फक्त केसांच्या मुळांपाशी चालू ठेवलेल्या उंदरांना उलट जास्त आल्या. प्रोस्टेटच्या गाठींना त्याने आवर घातला. आतड्यातल्या गाठी मात्र वाढवल्या. तोच विकर, तेच काम, फक्त अवयव बदलला की निकाल फिरायचा.