शंभरात तीन

आमच्या आत्यानं आमवाताची आठवड्याची गोळी सोडली आणि रात्रीचं हळदीचं दूध धरलं. दीड वर्षात तिला कुकरचं झाकण लावता येईना. राग हळदीवर काढावा की आत्यावर, ठरेना. शेवटी सांगलीला हळदच बघायला गेले.

शेतात शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन पोती गोदामात येतात. आत पाय ठेवला की आधी शिंका, मग तो मातकट, कडसर वास घशात जाऊन बसतो. अडत्यानं एक हळकुंड कडकन मोडून केशरी गाभा दाखवला. "औषध म्हणतात ते यातलं कर्क्युमिन. शंभरात तीन धरा."

शंभरात तीन. पोत्याला टेकून तिथंच हिशेब केला. चाचण्यांमधली कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची, म्हणजे जवळपास 17 ग्रॅम हळद. आत्याच्या दुधात अर्धा चमचा, दीडेक ग्रॅम. त्यातलंही रक्तात पोचतं ते नावापुरतं. 1998 मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पायपरिन जोडीला दिलं, तेव्हा हे प्रमाण वीसेक पटींनी वाढलं. पण पायपरिन इतर औषधांचंही गणित बिघडवू शकतं, हे दुधात मिरपूड टाकणाऱ्यांना कोण सांगणार!

पुरावाच नाही, असं नाही. केरळातली 2012 ची चाचणी घ्या: आमवाताचे 45 रुग्ण, तीन गट, आणि डायक्लोफेनॅकपेक्षा कर्क्युमिनवाल्यांना जास्त आराम. वाचून मलाही बरं वाटलं होतं. पण एका गटाला माणसं पंधरा, मुदत आठ आठवडे. आणि डायक्लोफेनॅक तर नुसतं वेदनाशामक. सांध्याची झीज तेही थांबवत नाही.

नजर मात्र सारखी निवडायला बसलेल्या एका मावशींच्या हातांकडे जात होती. मनगटापर्यंत पिवळे हात, बोटांची पेरं सुजलेली. गड्डा डावीकडे, हळकुंड उजवीकडे.

"मावशी, एवढ्या हळदीत बसता, गुण नाही येत?"

"हळदीनं बरं व्हायचं असतं तर आमच्या गल्लीत कुणाची बोटं दुखलीच नसती, ताई." हात न थांबवता त्या म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यातली गोळी हाय. दर रविवारी. एक रविवार चुकवला न्हाई."

आत्याची गोळी पुन्हा सुरू होऊन चार महिने झाले. सूज उतरली. वाकलेली दोन बोटं तशीच आहेत.