मराठवाड्यातील वीरगळ : स्वरूप आणि जतनाचा प्रश्न

प्रास्ताविक :
देवगिरीच्या यादवांचा इतिहास मुख्यतः शिलालेख, ताम्रपट आणि मंदिरे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. मारुतीच्या पारावर, वेशीजवळ किंवा शिवमंदिराच्या आवारात उभे असलेले वीरगळ त्यामानाने उपेक्षित राहिले. युद्धात अथवा गोधनाचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ होय. या शब्दातील 'गळ' कन्नडमधील दगडवाचक 'कल्लु' या शब्दाशी संबंधित आहे.

स्वरूप :
वीरगळाचे वाचन खालून वर केले जाते. तळाच्या चौकटीत लढाई किंवा मृत वीर असतो; तेथे गाई कोरलेल्या असल्यास मरण गोरक्षणात आले असे समजतात. मधल्या चौकटीत अप्सरा वीरास स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावरील चंद्रसूर्य त्याची कीर्ती चिरकाल टिकेल, असे सुचवितात. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातील इ. स. १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात.

जतनाचा प्रश्न :
इंग्लंडमधील खेड्यांतही मध्ययुगीन दगडी क्रूस उभे होते. धर्मसुधारणेच्या काळात आणि पुढे १६४३ च्या पार्लमेंटच्या आदेशानंतर त्यांपैकी अनेक फोडले गेले. कित्येक ठिकाणी केवळ पायऱ्या व खांबाचा बुंधा उरला. तेथे मूर्तिविरोधी धर्मभावनेने शिल्प नष्ट केले. आपल्याकडे श्रद्धेने दगड राखला, परंतु शेंदराच्या थरांखाली शिल्प झाकले गेले आणि वीराचा ग्रामदेव झाला. जीर्णोद्धारात जुन्या शिळा हलविल्या जातात, तेव्हा हानी अधिक होते. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. त्यामुळे शिल्पाखेरीज त्यांचे मूळ स्थान हाच महत्त्वाचा पुरावा ठरतो.

निष्कर्ष :
सरसकट सर्व शिळा संग्रहालयात हलविणे हा उपाय नव्हे. त्याने स्थानाचा पुरावा आणि गावाची श्रद्धा दोन्ही तुटतात. ग्रामस्थांना विश्वासात घेऊन प्रत्येक शिळेचे स्थान, दिशा, मापे, चौकटींचा तपशील व छायाचित्रे नोंदविणे अधिक हितावह ठरेल. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हे कार्य केल्यास ग्रामीण इतिहासाचे मोलाचे साधन सुरक्षित राहील.