यादीतील नाव

संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ नागरिकास मताधिकार दिला आहे. परंतु मतदान केंद्रावरील अधिकारी आपल्यासमोर संविधान उघडून बसत नाही. तो मतदार यादी उघडतो. तीत नाव नसेल, तर खिशातील ओळखपत्राचाही उपयोग होत नाही.

या यादीचे महत्त्व पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच, म्हणजे १९५१-५२ मध्ये, प्रकर्षाने दिसून आले. १७ कोटींहून अधिक मतदारांची नोंद करण्यासाठी सरकारी माणसे घरोघर फिरली. राजस्थान, बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत व विंध्य प्रदेश येथील असंख्य घरांत स्त्रियांनी आपली नावेच सांगितली नाहीत. आपल्याकडे पतीचे नाव उखाण्यात घेण्याची रीत होती. तिकडे परक्या पुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारणेही अनुचित मानले जाई. परिणामी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य मानल्या नाहीत. खरे नाव नोंदवावे, अन्यथा नोंद रद्द व्हावी, असा आदेश निघाला, आणि सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता यात संशय नाही. परंतु ‘तमक्याची पत्नी’ म्हणून कोणीही येऊन मत देऊ शकले असते, हेही तितकेच खरे. मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, कोणाची तरी नातलग नव्हे, हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. त्याची किंमत मात्र त्या स्त्रियांना मोजावी लागली.

नाव लपविण्याची ती रीत आता मागे पडली आहे. आज नाव गळते ते बहुधा घर बदलल्यामुळे. जयपूरच्या तिलक नगरात भाड्याने राहणारे एखादे कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकास, मानसरोवरात, राहावयास गेले अशी कल्पना करू. जुन्या पत्त्यावरील नाव आपोआप नव्या पत्त्यावर जात नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथेच त्याची नोंद व्हावयास हवी, आणि तीही एकाच ठिकाणी. केवळ घर मालकीचे आहे म्हणून तेथील मतदार होता येत नाही. उलट, काही काळ परगावी गेल्याने हक्क जात नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने घरचा पत्ता द्यावा की वसतिगृहाचा, हे त्याने ठरवावे. दोन्ही मात्र देता येत नाहीत. जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे.

नवीन नोंदणीसाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी वा हरकतीसाठी नमुना ७ आणि दुरुस्ती व स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा लागतो. मतदाराचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले. पूर्वी केवळ १ जानेवारी हीच अर्हतेची तारीख असल्याने २ जानेवारीस अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्यास वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात.

याखेरीज आयोग वेळोवेळी साऱ्या यादीचीच फेरतपासणी करतो. २०२५ मध्ये बिहारपासून सुरू झालेले विशेष सखोल पुनरीक्षण त्याच वर्षी राजस्थानातही पोहोचले. त्यात जुन्या मतदारांनीही भरलेला अर्ज परत देणे आवश्यक होते. ज्यांचा अर्ज आला नाही, त्यांची नावे प्रारूप यादीत आली नाहीत. प्रारूप यादी प्रसिद्ध करण्याचा हेतूच असा, की ती लोकांनी वाचावी व हरकती नोंदवाव्यात. प्रत्यक्षात फार थोडे लोक ती वाचतात.

नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज फेटाळल्यास जिल्हाधिकाऱ्याकडे व त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते. उमेदवारी अर्जाची अखेरची तारीख उलटली, की निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नवे नाव घालता येत नाही.