माथ्यापासून पायथ्यापर्यंत: कडवंचीचा पाणलोट

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बेभरवशाचा असतो. परतूर तालुक्यातील आष्टी असो की जालना तालुक्यातील कडवंची, पावसात खंड पडला की कोरडवाहू शेतीचे गणित बिघडते. कडवंचीची जमीन बरीचशी हलकी आणि उताराची. खाली काळा कातळ असल्याने पाणी जिरण्याआधीच वाहून जाई आणि सोबत मातीही नेई.

हे चित्र पालटण्याचे काम १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून सुरू झाले. जर्मनीच्या मदतीचा पैसा नाबार्डमार्फत येत असे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने गावाला तांत्रिक साथ दिली, तर कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांनी लोकांना या कामाशी जोडले. पाणलोटाचे क्षेत्र सुमारे १,९०० हेक्टर होते.

कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्यापर्यंत होता. आधी पडीक उतारांवर समपातळीत सलग चर खोदले गेले. घळींत दगडी बांध घातले गेले, शेतांत बांधबंदिस्ती झाली आणि शेवटी ओढ्यानाल्यांवर बांध उभे राहिले. हा क्रम उलटला, तर वरून येणारा गाळ खालचे बांध काही पावसाळ्यांतच भरून टाकतो. शिवाय वरच्या चरांत थांबलेले पाणी मुरमातून झिरपत खालच्या विहिरींपर्यंत पोहोचते.

या कार्यक्रमात गावाचा वाटाही ठरलेला असे. ग्रामस्थांची पाणलोट समिती कामावर देखरेख ठेवी आणि मजुरीचा काही भाग श्रमदानातून येई. उपचार झालेल्या जमिनीवर मोकाट गुरे न सोडण्याची चराईबंदी आणि झाडे न तोडण्याची कुऱ्हाडबंदी गावाने पाळायची असे. चराईबंदीमुळे चराच्या कडेला गवत टिकते, गवताची मुळे माती धरतात आणि कापून आणलेला चारा गोठ्यातल्या जनावरांना मिळतो.

पुढच्या काळात विहिरींचे पाणी वाढले आणि कोरडवाहू पिकांच्या शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. बागांच्या उन्हाळी गरजेसाठी शेतकऱ्यांनी प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी खोदली. २०१२-१३ च्या दुष्काळात याच साठ्यावर अनेक बागा तगल्या.

शेततळ्याला मात्र दुसरी बाजूही आहे. अस्तर घातलेल्या तळ्यातले पाणी जमिनीत मुरत नाही. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याऐवजी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले, तर सगळ्यांचे भूजल एका शेतात बंदिस्त होते आणि उन्हात त्यातले काही उडूनही जाते. माथ्यावरचे चर सर्वांसाठी पाणी मुरवतात. त्यामुळे किती उपसायचे हेही सर्वांनी मिळून ठरवायला हवे. जिल्ह्यातील दुसऱ्या गावाला कडवंचीचा कित्ता गिरवायचा असेल, तर त्याने पहिली कुदळ माथ्यावर मारावी आणि पाणीवाटपाचा ठराव त्याच वर्षी ग्रामसभेत करावा.