मस्केटिअर्सचा वेढा आणि चाकणचा वेढा
एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीविषयी वाचकांची मते आणि ती पारखण्याची रीत

अलेक्झांद्र द्यूमा यांची ‘द थ्री मस्केटिअर्स’ ही कादंबरी १८४४ मध्ये प्रसिद्ध झाली. तलवारी, घोडे, राणीचे हिरे आणि चार मित्र यांची ही गोष्ट एकशे ऐंशी वर्षांनंतरही वाचली जाते आणि तिच्याविषयीचे मतभेदही संपलेले नाहीत. कुणाला ती मैत्रीची सर्वांत देखणी कथा वाटते, कुणाला तिच्यातले नायक निर्दय वाटतात, तर कुणाला तिच्यातला इतिहास खटकतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकाला या चर्चेत भाग घ्यायला एक खास कारण आहे. या कादंबरीच्या मध्यभागी एक वेढा आहे आणि त्याच शतकात चाकणच्या संग्रामदुर्गानेही एक वेढा सोसला. दोन्ही शेजारी ठेवले की ऐतिहासिक कादंबरीकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे नीट कळते.

कादंबरी कशी जन्मली

‘ल सिएक्ल’ या पॅरिसच्या दैनिकात मार्च ते जुलै १८४४ या काळात ही कादंबरी क्रमशः छापून आली. द्यूमा यांना मोबदला ओळींच्या हिशोबाने मिळे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला उद्याच्या अंकाची ओढ लागावी, अशी तिची घडण आहे. ऑग्युस्त माके हे इतिहासाचे जाणकार द्यूमा यांचे सहलेखक होते. मुखपृष्ठावर मात्र त्यांचे नाव आले नाही. पुढे माके कोर्टात गेले. त्यांना पैसे मिळाले, लेखक म्हणून मान्यता मिळाली नाही.

कथेचा बीजग्रंथ म्हणजे कुर्तिल द सांद्रा याने १७०० मध्ये छापलेल्या, कथेचा नायक दार्तान्यां याच्या नावावर खपवलेल्या ‘आठवणी’. त्याही बऱ्याचशा कल्पितच होत्या. म्हणजे इतिहासावर एक कल्पनेचा थर आधीच चढला होता, द्यूमा यांनी त्यावर दुसरा चढवला.

वाचक कशावर भाळतात

सर्वांत जास्त दाद मिळते ती वेगाला. १६२५ च्या एप्रिलमध्ये दार्तान्यां हा गरीब, गावाकडचा तरुण एका कुरूप घोड्यावर बसून निघतो, पॅरिसला पोचताच एकाच दिवशी तिघांशी द्वंद्वाची वेळ ठरवून बसतो आणि संध्याकाळपर्यंत तेच तिघे, अथोस, पोर्थोस आणि अरामिस, त्याचे मित्र होतात. राणीने इंग्लंडच्या ड्यूक बकिंगहॅमला दिलेले हिऱ्यांचे बारा खडे परत आणण्यासाठी हे चौघे लंडनकडे दौडतात. वाटेत तिघे एकेक करून गळतात, दार्तान्यां एकटाच पोचतो आणि तिथे कळते की दोन खडे चोरीला गेले आहेत.

दुसरी दाद मैत्रीला. हे चार मित्र एकमेकांसारखे अजिबात नाहीत. अथोस मनात दुःख कोंडून जगणारा, पोर्थोस दिखाऊ, अरामिस अर्धा शिपाई आणि अर्धा पाद्री. एकमेकांची गुपिते त्यांना ठाऊक असतात, पण मित्राने आपणहून सांगेपर्यंत कुणी विचारत नाही. गाव सोडून कामासाठी आलेल्या माणसाला हे लगेच पटते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत आलेली मुले एका खोलीत चौघे-पाचजण राहतात, पाळ्या वाटून घेतात, पगाराआधी एकमेकांना उसने देतात. दार्तान्यांचे पॅरिसमधले पहिले महिने याहून फार वेगळे नाहीत.

वाचक कुठे अडखळतात

संक्षिप्त आवृत्ती किंवा चित्रपटातून कथा माहीत झालेल्या वाचकाला पूर्ण कादंबरी धक्का देते. दार्तान्यां आपल्या नोकराला मारहाण करतो. पोर्थोस एका वकिलाच्या बायकोच्या पैशांवर ऐट करतो. मिलेडी या हेर स्त्रीच्या खोलीत दार्तान्यां अंधारात दुसऱ्याच पुरुषाच्या नावाने शिरतो. मुलांच्या आवृत्तीतून हा प्रसंग गाळलेला असतो. आजचा वाचक त्याला फसवणूक म्हणतो आणि त्याचे म्हणणे योग्य आहे.

सर्वांत मोठा वाद शेवटाचा. मिलेडीने खून केले आहेत, दार्तान्यांच्या प्रेयसीला विष दिले आहे. पण तिचा न्याय कुठल्याही न्यायालयात होत नाही. चार मित्र आणि त्यांचे सोबती रात्री तिच्यावर आरोप ठेवतात, शिक्षा सुनावतात आणि जल्लादाकडून तिचे डोके उडवतात. काही वाचकांना हा न्याय वाटतो, काहींना ही टोळीने केलेली हत्या वाटते.

माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. मात्र द्यूमा यांनी हा प्रसंग विजयाच्या थाटात लिहिलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्यानंतर चौघांची टोळी विस्कटते. प्रत्येकाच्या मनावर त्या रात्रीचे सावट राहते. ‘वीस वर्षांनंतर’ या १८४५ च्या उत्तरभागात मिलेडीचा मुलगा सूड घ्यायला परत येतो. म्हणजे नायकांच्या कृत्याची किंमत लेखकाने वसूल केली आहे.

इतिहास किती, कल्पना किती

तिसरा आक्षेप इतिहासाचा. तो तपासता येतो, म्हणून थोडा तपशील देतो.

खरा दार्तान्यां म्हणजे शार्ल द बात्झ. त्याचा जन्म १६११ ते १६१५ च्या दरम्यानचा, म्हणजे कथेच्या सुरुवातीला तो लहान मुलगा होता. अथोस, पोर्थोस आणि अरामिस ही नावेही खऱ्या शिपायांवरून घेतलेली आहेत. कादंबरीतला कप्तान त्रेव्हील १६२५ मध्ये राजाच्या मस्केटिअर पथकाचा प्रमुख दाखवला आहे, खरे तर तो १६३४ मध्ये झाला. बकिंगहॅमचा खून २३ ऑगस्ट १६२८ रोजी जॉन फेल्टन याने खरोखरच केला. पण त्याची चीड थकलेल्या पगाराची आणि नाकारलेल्या बढतीची होती. मिलेडीने त्याला भुलवले, ही द्यूमा यांची जोड.

तारखा वाकवल्या म्हणून मी कादंबरीला नापास करणार नाही. फेल्टनचा खून कथेत बसवण्याची ती हातोटी कसबी लेखकाची आहे. वाचकाने फक्त ती जोड कुठे आहे, हे ओळखावे.

रिशल्यू खलनायक होता का

इथे मात्र प्रश्न गंभीर होतो. कार्डिनल रिशल्यू हा फ्रान्सच्या राज्ययंत्रणेला आकार देणारा मंत्री. फ्रेंच अकादमीची स्थापना त्याने १६३५ मध्ये केली. जगभरच्या वाचकांच्या मनात मात्र तो कपटी कार्डिनल म्हणून बसला आहे. चित्रपटांनी हे चित्र आणखी काळे केले. मूळ कादंबरी त्याच्याशी अधिक न्यायाने वागते, कारण शेवटी दार्तान्यांला लेफ्टनंटपदाची सनद खुद्द रिशल्यूच देतो.

कादंबरी एखाद्या खऱ्या माणसाला किती काळ काळोखात ठेवू शकते, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. छत्रपती संभाजी महाराजांची व्यसनी, बेजबाबदार राजपुत्र ही प्रतिमा बखरींतून आली आणि नाटक-कादंबऱ्यांनी ती घरोघरी नेली. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे गोळा करून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. डॉ. कमल गोखले यांनीही सखोल संशोधन केले. त्यानंतर चित्र बदलले. वढू बुद्रुकची समाधी प्रकाशात आणण्याचे श्रेयही बेंद्र्यांचेच. वढू आणि तुळापूर दोन्ही या औद्योगिक पट्ट्यापासून जवळ आहेत. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ मध्ये आली, म्हणजे संशोधनाच्या मागून. आधी कागद आणि मग कादंबरी, हा क्रम इथे कामी आला.

ला रोशेल आणि संग्रामदुर्ग

आता दोन वेढे. ला रोशेल हे प्रोटेस्टंट बंदर राजाच्या फौजेने १६२७ मध्ये वेढले. रिशल्यूने समुद्रात बांध घालून इंग्लंडची मदत अडवली. ऑक्टोबर १६२८ मध्ये शहर शरण आले, तोवर सुमारे २७ हजारांपैकी जेमतेम पाच हजार माणसे उरली होती. कादंबरीत उपासमारीचा उल्लेख येतो, पण सर्वांच्या लक्षात राहतो तो नाश्त्याचा प्रसंग. चौघे मित्र पैज लावून एका पडक्या बुरुजावर तासभर न्याहारी करतात, मधूनमधून शत्रूवर गोळ्या झाडतात. कारण त्यांना एकांतात बोलायचे असते. प्रसंग लाजवाब आहे. पण बुरूज म्हणजे खेळाचे मैदान, हा समज तो नकळत देऊन जातो.

संग्रामदुर्ग हा सपाटीवरचा भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाही, होता तो खंदक आणि तटाचा. २१ जून १६६० च्या सुमारास शाहिस्तेखान पुण्याहून चाकणला येऊन भिडला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. आत शिबंदी मोजकी, तीन-साडेतीनशेच्या घरातली सांगितली जाते. बाहेर बादशाही फौज. ऐन पावसाळ्यात मोगलांनी मोर्चे बांधले, भुयार खणले आणि १४ ऑगस्टला सुरुंगाने एक बुरूज उडवला. खिंडार पडले तरी आतल्यांनी ते रात्रभर लढवले. दुसऱ्या दिवशी मोगलांकडच्या राव भावसिंह हाडाच्या मध्यस्थीने किल्ला खाली झाला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजीने नाकारली. शिवाजी महाराजांनी पुढे त्याला भूपाळगड सोपवला.

या वेढ्याची हकिकत मोगल दरबारच्या ‘आलमगीरनाम्या’त आहे आणि परमानंदांच्या ‘शिवभारता’तही आहे. जदुनाथ सरकारांनी मोगलांकडचे २६८ ठार आणि ६०० जखमी असा आकडा दिला आहे. लढवय्यांचे मोठेपण शत्रूच्या नोंदीवरून सिद्ध होते, तेव्हा त्याला कादंबरीतल्या संवादांची गरज उरत नाही.

काळाचा एक मेळही लक्षात घेण्यासारखा आहे. चाकण पडल्यावर वर्षभराने, ५ सप्टेंबर १६६१ रोजी, खऱ्या दार्तान्यांने चौदाव्या लुईच्या हुकमाने अर्थमंत्री फुके याला अटक केली. २५ जून १६७३ रोजी मास्ट्रिक्टच्या वेढ्यात तो मारला गेला, शिवराज्याभिषेकाच्या वर्षभर आधी. फिरंगोजी आणि दार्तान्यां एकाच काळात जगले. एकाला द्यूमा मिळाला आणि तो जगभर पोचला.

मराठी कादंबरीने घेतलेली वाट

आपल्याकडेही ऐतिहासिक कादंबरी नियतकालिकांतूनच वाढली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त येऊ लागली. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘उषःकाल’ त्यातच क्रमशः छापली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक पॅरिसमध्ये जसा तयार झाला, तसाच पुण्यातही झाला.

एक फरक मात्र आहे. द्यूमा यांचे नायक राजाचे नोकर आहेत, त्यांना साहस हवे असते आणि ध्येय मागाहून मिळते. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा नायक बहुधा ध्येयापासून सुरुवात करतो. त्यामुळे आपल्या कादंबरीत नायकाच्या चुका क्वचितच दिसतात. दार्तान्यां उर्मट, उधळ्या आणि कधीकधी लबाड आहे, तरी आपण त्याच्याबरोबर चालत राहतो. आपल्या लेखकांनी हे धैर्य जरूर उचलावे.

वाचायची कशी

पूर्ण कादंबरीत ६७ प्रकरणे आणि उपसंहार आहे. आकार पाहून घाबरायचे कारण नाही, कारण प्रकरणे दैनिकात एका बैठकीत वाचण्यासाठीच बेतलेली आहेत. निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रोज एक प्रकरण आरामात होते. मराठी संक्षिप्त आवृत्तीने सुरुवात करायला हरकत नाही. कथा आवडली तर पूर्ण इंग्रजी अनुवाद घ्यावा, म्हणजे गाळलेले प्रसंगही समोर येतील आणि मत आपले स्वतःचे बनेल.

वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. ही घटना खरोखर घडली का? घडली असेल तर तिचे कारण लेखकाने बदलले का? आणि त्या बदलाने कुणा खऱ्या माणसावर अन्याय झाला का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे काहीही आली तरी कादंबरीचा आनंद घेता येतो. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर त्या माणसाचे चरित्र शोधून वाचणे वाचकाचे कर्तव्य आहे.

मग एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन संग्रामदुर्ग पाहावा. चाकणच्या दाट वस्तीत तटाचे आणि बुरुजांचे जे अवशेष उरले आहेत, ते आपल्याच पट्ट्यात आहेत. ते जपण्याची मागणी करणारे आवाज आपलेच असायला हवेत. मुलांना फिरंगोजीची गोष्ट जरूर सांगावी, रंगवून सांगावी. त्याचबरोबर त्यातले कागदात काय आहे आणि आपण भर काय घातली, हेही सांगावे. कादंबरी आणि इतिहास दोन्ही आवडणारा वाचक अशानेच तयार होतो.